लॉबीतला पांढरा चौकोन

चकाचकरावांचं घोडं दरापाशी अडलं होतं. टेंडरचे बाकीचे कागद तयार होते, सह्या झाल्या होत्या, शिक्केही बसले होते. फक्त ‘दरमहा एकूण रक्कम’ या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नव्हतं. जास्त लिहावं तर काम हातचं जाणार, कमी लिहावं तर काम मिळणार आणि त्यातच घरदार बुडणार. सकाळपासून त्यांनी तिथे पेन्सिलीनं आकडा लिहून इतका खोडला होता, की तेवढ्या जागेत कागदाच्या पलीकडचं टेबल दिसू लागलं होतं.

त्यांचं खरं नाव निराळं होतं. पण ‘चकाचक सफाई सेवा’ सुरू केल्यापासून लोकांनी सोयीसाठी त्यांनाच चकाचकराव करून टाकलं होतं. आजवरचा पसारा म्हणजे काही दवाखाने आणि दुकानं. त्यातलं सगळ्यात मोठं दुकान नुकतंच बंद पडलं होतं आणि थोरल्या नि धाकट्या मावशींना आता काम कुठलं द्यायचं, या विचारानं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. दोघी पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होत्या. आठ मजली ऑफिसच्या इमारतीचं हे कंत्राट मिळालं असतं, तर त्या दोघींचंच काय, आणखी दहाबारा जणांचं भागलं असतं.

हिशेब बायकोकडे असायचा. ती बराच वेळ नवऱ्याची खाडाखोड बघत होती. शेवटी म्हणाली, “अहो, अंदाजानं किती खोडत बसणार? तिथला एक तुकडा घासून बघा. वेळ किती लागतो, साबण किती जातो ते मला सांगा. गुणाकार मी करते.”

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचं त्यांना वाईट वाटलं आणि ती बायकोला सुचली याचा अभिमान. इमारतीच्या मॅनेजरसाहेबांनी फोनवर परवानगीही दिली. कुठेतरी कोपऱ्यात घासून बघा म्हणाले. पण लॉबीच्या एका कोपऱ्यात सोफा होता, दुसऱ्यात कुंड्या, उरलेल्या दोहोंत वॉचमन आणि त्याचं टेबल. तेव्हा थोरल्या मावशींनी बरोबर मधोमध, दारासमोर बसकण मारली आणि चटईएवढा चौकोन घासायला घेतला.

ती राखाडी फरशी घासता घासता दुधासारखी पांढरी झाली. वॉचमन जागेवरून उठून आला, वाकून बघू लागला. तो इतकी वर्षं तिथे बसत होता, पण आपली फरशी पांढरी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हळूहळू माणसं जमली. गर्दीतून वाट काढत मॅनेजरसाहेब आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे काय केलंत?”

“साफ केलं,” चकाचकराव म्हणाले.

“ते दिसतंय. तेवढंच दिसतंय.”

ही इमारत ज्या कंपनीची, तिचे संचालक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारानं आत येणार होते. आल्या आल्या त्यांना समोर तो चौकोन दिसला असता आणि मग उरलेली फरशी दिसली असती. मॅनेजरसाहेबांनी चौकोनावर कुंडी ठेवून पाहिली, पण कडेनं पांढरं डोकावत राहिलं. पायपुसणं टाकलं, तेही अपुरं पडलं. अखेर त्यांनी घाम पुसत सांगितलं, की फरशी होती तशी करून द्या.

चकाचकरावांनी उभ्या आयुष्यात काही मळवलं नव्हतं. तरी त्यांनी बागेतली माती आणून टाकली आणि वॉचमनला तिच्यावरून चालायला लावलं. मग मशीनचा चहा आणून ओतला. पण चहा पडला रे पडला की थोरल्या मावशींचा फडका त्यावरून फिरे. त्यांना राहू द्या म्हटलं, तर म्हणाल्या, “मी काय करू, हात जातो.” या सगळ्याचा परिणाम एवढाच झाला, की आधी नुसता पांढरा असलेला चौकोन आता मधे पांढरा आणि कडेला तांबूस दिसू लागला.

मग एकच उपाय उरला. बायको फरशी घासायचं मशीन घेऊन आली, धाकट्या मावशी आल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळी लॉबी चौकोनाच्या रंगाची झाली. फुकटात झाली, पण बायकोला गुणाकारापुरता वेळ आणि साबण कळला.

ही मंडळी सामान आवरत होती तोच टेंडर भरणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांची माणसं पाहणीला आली. दारातूनच ती चकचकीत फरशी पाहून त्यांचे चेहरे खुलले. इथे कामच काय आहे, असं आपसात म्हणत ती वर न जाताच परत गेली. आता ती कमीच दर भरणार, हे चकाचकरावांनी ओळखलं. आपल्याच हातांनी आपण सगळ्यांना स्वस्त करून टाकलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कमी आकडा लिहिण्यासाठी पेन्सिल उचलली, तर बायकोनं ती काढून घेतली आणि हातात पेन दिलं.

“वरचे सात मजले कसे आहेत ते आपण पाहिलंय,” ती म्हणाली. “खरं असेल ते लिहा. नाहीच मिळालं तर मावशींसाठी दुसरं काम शोधू. पण खोट्या आकड्यात त्यांना राबवायचं नाही.”

त्यांनी खरा आकडा लिहिला. एकदा पेनानं लिहिल्यावर त्यांना झोपही बरी लागली.

संचालक आले, लॉबी पाहून बेहद्द खूश झाले. इतकी स्वच्छता असताना नवं कंत्राट हवंय कशाला, असं विचारून त्यांनी टेंडरच रद्द केलं. मॅनेजरसाहेबांनी हे फोनवर इतक्या पडेल आवाजात सांगितलं, की चकाचकरावांनाच त्यांची समजूत घालावी लागली.

पण त्या इमारतीत आता कुणाला चैन पडेना. खालच्या लख्ख लॉबीतून लिफ्टमध्ये शिरून जो तो आपल्या मजल्यावर उतरे, त्याला गोदामात आल्यासारखं वाटे. पहिल्या मजल्यानं तक्रार केली, मग दुसऱ्यानं. सगळ्यात वर संचालकांची दालनं होती. तिथे एक बडे पाहुणे आले, त्यांनी लॉबीची तोंडभरून स्तुती केली आणि इकडेतिकडे बघत सहज विचारलं, “या मजल्याचं बांधकाम अजून व्हायचंय वाटतं?”

टेंडर पुन्हा निघालं. या वेळी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना लिफ्टनं नेऊन आठही मजले दाखवले. बाकीच्या कंपन्यांनी घाबरून भलतेच चढे आकडे भरले. चकाचकरावांनी आपल्या आकड्याला हात लावला नाही आणि तोच सगळ्यांत कमी ठरला.

कामाच्या पहिल्या दिवशी नवे निळे डगले घालून, बादल्या, झाडू, मशीन घेऊन अख्खी फौज दाराशी आली, तर वॉचमन आडवा झाला. इथून जायचं नाही, मागच्या जिन्यानं जा, म्हणाला.

“अहो, आम्ही सफाईवाले,” चकाचकराव म्हणाले.

“म्हणूनच. लॉबी मळेल.”

त्यानं ती फरशी इतक्या मायेनं सांभाळलेली पाहून चकाचकरावांना वाद घालवेना. त्यांनी बादली उचलली आणि हसत सगळ्यांना मागच्या बाजूला नेलं. जिना खालपासून वरपर्यंत काळाकुट्ट होता. थोरल्या मावशींनी पहिल्याच पायरीवर फडका मारला. पायरी पांढरी निघाली. चकाचकरावांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडे. टेंडरमध्ये हा जिना दोघांनीही धरला नव्हता.