सोळा माणसांचा जाझ

माझ्या पुतण्याच्या वरातीला मी सोळा माणसांचा जाझ ठरवला आणि आला एक माणूस.

जाझ म्हणजे काय, हे आमच्या पोलादपुरात कुणाला सांगावं लागत नाही. लाल कोट, पितळी कर्णे, पोटावर बांधलेला ढोल, झांजा आणि सगळ्यांच्या पुढे काठी फिरवणारा मिशीवाला, हा जाझ. डीजेच्या गाड्या आल्या तरी जुनी माणसं लग्नात 'जाझ नाय काय आणला?' असंच विचारतात. माझे थोरले बंधू अण्णा यांनी मुलाच्या लग्नात जाझच हवा असा हट्ट धरला आणि मी म्हणालो, "ते माझ्याकडे लागलं." मी असं म्हणालो की आमच्या घरातल्या बायका एकमेकींकडे बघतात.

वीर स्टेशनवरून महाडला येताना मी रिक्षावाल्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यात एक चाचा हायत. शौकतभाई. मस्कतला जॅझ वाजवून आलेत." त्याचा उच्चार जरा वेगळा वाटला, पण स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांच्या जिभेला मुंबईची सवय असते म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि तिथूनच फोन लावला.

"जाझ पाहिजे होता," मी म्हणालो.

पलीकडे कुणीतरी रेडिओ बंद केला.

"परत बोला."

"जाझ. जाझ पाहिजे. पोलादपूरला."

"पोलादपूरला?" आवाज एकदम हळू झाला. "कुनाला पाहिजे?"

"मला."

"येतो. नक्की येतो."

"किती जण याल?"

"सोलो."

मला ऐकू आलं सोळा. सोळा माणसं म्हणजे पंचक्रोशीत नाव. घरी जाऊन मी जाहीर केलं. सोळा फेटे आले, सोळा जणांचे पोहे वेगळे काढून ठेवले, आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

ठरल्या वेळी एसटीतून सत्तरीचा एक सडसडीत गृहस्थ उतरला. काळा कोट, गळ्याला फुलपाखरासारखा टाय, एका हातात गिटारची पेटी, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. मी त्याच्या मागे वाकून बघितलं. एसटीचं दार बंद झालं.

"बाकीचे?" मी विचारलं.

"कोन बाकीचे?"

फेटा त्यांनी एकच घातला. पोहे मात्र आवडीने खाल्ले.

शौकतभाई उभ्याने वाजवत नाहीत. त्यामुळे वरात चार पावलं चालायची, की ते रस्त्यात स्टूल मांडायचे, टाय सारखा करायचे आणि वाजवायला लागायचे. वरात पुढे सरकली की स्टूल उचलून तुरुतुरु पुढे. अण्णांचा मेव्हणा गिटारला तिन्ही बाजूंनी निरखून म्हणाला, "वायर कुठाय ह्याची?"

"वायर लागत नाय."

"मग आवाज कसा येनार?"

"तुमी गप्प ऱ्हावा, मंग येतो."

वरातीतल्या माणसांना गप्प राहायला सांगणारा वाजंत्री पोलादपुरानं तोपर्यंत पाहिला नव्हता. आणि गंमत म्हणजे एक सूर ऐन रंगात आलेला असताना शौकतभाई चक्क थांबले. हात तारांवरून उचलला, मान एका बाजूला कलती केली, ओठातल्या ओठात काही पुटपुटले. मला वाटलं, संपलं. मी जोरात टाळ्या वाजवल्या. नवरदेवाच्या घोड्यानं मात्र पाय रोवले, कान टवकारले आणि तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. थोड्या वेळानं शौकतभाई पुन्हा सुरू झाले तेव्हा घोड्यानं मान हलवली.

एवढ्यात अण्णांनी कुठून तरी स्पीकर लावलेला टेम्पो पैदा केला. वरात टेम्पोमागे नाचत निघून गेली. मागे राहिलो मी, शौकतभाई, घोडा आणि घोड्यावरचा नीलेश.

"काका," नीलेश वरून म्हणाला, "हा हलत नाय."

शेवटी शौकतभाईंनी मंडपापर्यंत घोड्याच्या पुढे चालत, आयुष्यात पहिल्यांदा उभ्याने वाजवलं, तेव्हा लग्न लागलं.

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "परत येऊन इतकी वर्षं झाली. ह्या मुलखात जॅझ मागनारा तू पहिला मानूस. रविवारी घरी ये." आता अशा वेळी 'मला झांजावाला जाझ हवा होता' असं सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. मी म्हणालो, "आम्ही पहिल्यापासून शौकीन."

तेव्हापासून दर रविवारी मी पोलादपूरहून एसटीनं महाडला जातो आणि शौकीन म्हणून बसतो.

शौकतभाई ऐन तारुण्यात मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात बशा धुवायला गेले. तिथे संध्याकाळी तिघेजण वाजवायचे, एक पियानोवाला, एक ड्रमवाला आणि पिंटो नावाचा एक गोवेकर गिटारवाला. पिंटोनं ह्यांना कपडे बदलायच्या खोलीत शिकवलं. पुढे पिंटो गावी परतला आणि शौकतभाईंनी एप्रन उतरवून त्याचा कोट चढवला. कोट अजून तोच आहे. वरातीत घातलेला.

मॅनेजरची त्यांना एकच सूचना होती. पाहुण्यांना ऐकू येईल, पण त्यांचं लक्ष जाणार नाही, असं वाजव. शौकतभाईंनी ही गोष्ट इतकी साधली की पुष्कळ पाहुण्यांना ते कुंडीतल्या झाडासारखे वाटत. एकदा एका साहेबानं ऐन रंगात त्यांना बाथरूम कुठे म्हणून विचारलं. ह्यांनी गिटारचा दांडा उजवीकडे वळवून वाट दाखवली आणि एक मात्रा चुकू दिली नाही. "त्या दिवशी पिंटोला फोन केला," ते अभिमानानं सांगतात. "पिंटो बोलला, आता तू खरा झालास."

त्यांचं सगळं संगीतशास्त्र स्वयंपाकघरातलं. साध्या सुरांना ते 'नुसता भात' म्हणतात. त्यात एक तिरका सूर मिसळला की 'हे आमसूल'. आणखी एक चढवला की 'ही सुकट'. मी मान डोलावतो आणि मला भूक लागते. मोहल्ल्यात त्यांना टुंगटुंगचाचा म्हणतात. एमआयडीसीचा भोंगा कुठल्या सुरात वाजतो हे त्यांना ठाऊक आहे. वाऱ्यावर तो ऐकू आला तर चालू असलेली चीज ते अशी वळवून आणतात, की भोंगा तिच्यातलाच वाटावा. मग डोळा मिचकावतात. "कंपनी आपल्या सोबतीला हाय."

चुकीबद्दल त्यांचं मत ठाम आहे. "चुकला सूर, तर घाबरायचं नाय. तोच परत वाजवायचा. लोकांना वाटतं मुद्दाम केलं." हे मला इतकं पटलं की मी ते नोकरीत लावून बघितलं. मी एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. एकदा एका खात्याला चुकीचा माल पाठवला, तेव्हा शौकतभाईंना स्मरून दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा पाठवला. साहेबांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं. ते बोललेही तसंच.

पण ज्या गोष्टीमुळे मी स्वतःला खरोखर जाणकार समजू लागलो, ती म्हणजे ते मधलं थांबणं. प्रत्येक चीज वाजवताना शौकतभाई ऐन मध्यावर थांबत. हात अधांतरी, पाऊल मात्र जमिनीवर ठेका धरून, कान आतल्या दाराकडे. आणि ओठातल्या ओठात तोच शब्द, 'हितंती'. मग जरासं हसत आणि पुढे चालू. मी तर्क केला की हा परदेशी शास्त्रातला शब्द असणार. बहुधा इटलीकडचा.

एकदा धीर करून मी म्हणालो, "आज हितंती फार सुंदर झाली."

त्यांनी गिटार बाजूला ठेवली. "झाली ना?" म्हणाले, आणि उठून चहा ठेवायला गेले.

मग काय विचारता. कंपनीच्या कँटीनमध्ये मी हितंती समजावून सांगितली. पाचाडला एका खानावळीत पिठलं खाता खाता मालकाला सांगितली. "सूर कुणीही वाजवील हो, पण हितंती? ती रक्तातच लागते." अण्णांच्या मेव्हण्यालाही सांगितली. तो म्हणाला, "म्हनजे वाजवत नाय, त्याला टाळ्या?" अडाणी माणूस.

आमची सौभाग्यवती सुमन एक दिवस म्हणाली, "दर रविवारी त्या माणसाच्या घरचा चहा पिता. एकटे राहतात ना ते? जेवायला बोलवा." शौकतभाईंच्या बायकोचं नाव रुकय्या, आणि ती दोनेक वर्षांपूर्वी गेली, एवढं मला रिक्षावाल्याकडून कळलं होतं. स्वतः शौकतभाई तिच्याबद्दल कधी बोलले नव्हते आणि मीही, शौकीन असल्यामुळे, फक्त जॅझबद्दलच बोलत होतो.

पुढच्या रविवारी ते कोट घालून, स्टूल घेऊन आले. आत सुमनचा स्वयंपाक चालू होता. बाहेरच्या खोलीत मी शेजारच्या चार माणसांना बसवून ठेवलं होतं आणि हितंती येईल तेव्हा कुणी खोकायचं नाही अशी ताकीद दिली होती.

शौकतभाईंनी वाजवायला घेतलं. भात झाला, आमसूल पडलं, सुकटीचा वास सुटला. आणि ती जागा आली. हात वर गेला. मान कलली. मी शेजाऱ्यांना बोटानं खूण केली. ते पुटपुटले, "हितं ती..."

आणि आतून आवाज आला. थप, थपक. थप, थपक. सर्र. थप, थपक.

सुमन परातीत तांदळाची भाकरी थापत होती. थापायची, मग बोटांनी पिठावर गर्रकन फिरवायची, पुन्हा थापायची.

शौकतभाईंचं पाऊल त्याच ठेक्यावर पडत होतं. नेहमीच्या जागी ते परत सुरू झाले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. भाकरी तव्यावर गेली आणि आवाज थांबला, तेव्हा ते स्टूल उचलून सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

"वहिनी, दुसरी घ्या."

"अहो बसा बाहेर, धूर आहे इथे. मी भाकऱ्या थापतेय."

"तेच. थांबू नका."

सुमननं दुसरा गोळा घेतला. थप, थपक. शौकतभाईंनी तिच्या हाताखाली इतकं अलगद वाजवलं, की कुणाचा ठेका कोण धरतंय हे कळेना. मग त्यांनी हात उचलला आणि नुसती भाकरी वाजू दिली. सर्र, थप, थपक. मग पुन्हा दोघं. त्या रविवारी मी त्यांची चीज पहिल्यांदा न तुटता शेवटपर्यंत ऐकली. शेजारी उठून उंबऱ्यापाशी दाटीनं उभे राहिले, कुणी कुणाला गप्प बस म्हणालं नाही. सुमनला हसू आवरेना. पीठ संपेपर्यंत तिनं थापल्या. भाकऱ्या इतक्या झाल्या की आळीत वाटल्या तरी उरल्या.

"मस्कतचा ड्रमवाला तारेच्या झाडूनं वाजवायचा," शौकतभाई गिटार पुसत म्हणाले. "पहिल्यांदा ऐकलं आनि मला घरची भाकरी आठवली. रजेवर आलो की मी वाजवायचो, ती आत थापायची. तिकडं मस्कतला वाजवताना मधी मी थांबायचो. पिंटोला सांगायचो, हितं ती असते. तिला काय ठाव नव्हतं. ती वरडायची, टुंगटुंग पुरे, पीठ आना." त्यांनी कापड घडी केलं. "आता मी हितं ती म्हनतो आनि तिची जागा सोडतो. दुसरं कोन तिथं कशाला वाजवनार?"

हितं ती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. कंपनीचं कँटीन, पाचाडची खानावळ, अण्णांचा मेव्हणा, सगळे डोळ्यांपुढून गेले. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो, "पण आज शेवट फारच... म्हणजे त्या अंगानं..."

"तुम्ही पाट मांडा," सुमन म्हणाली.

पंगत बसली. सुमननं त्यांच्या ताटात कोलंबीचं कालवण आणि वर गरम भाकरी वाढली. ती त्यांनी आधी कानाजवळ नेली, मग मोडली. पुढच्या रविवारपासून त्यांनी इकडेच यायचं, असं तिनं मला न विचारता ठरवून टाकलं. मग आवाज खाली न आणता म्हणाली, "शौकतभाई, खरं सांगा. यांना त्यातलं काही कळतं का हो?"

शौकतभाईंनी तुकडा कालवणात बुडवला. "नाय. वरातीत माझ्याजवळ आपल्या मर्जीनं दोघं ऱ्हायली होती, हा आनि घोडा. घोड्याला कळलं."

"मग इतके रविवार यांना कशाला समोर बसवत होता?"

"काय करू, वहिनी? घोड्याला एसटीत घेत नायत."