मधुचंद्राचा सुधारित दौरा कार्यक्रम

लग्नानंतर नवरा-बायकोने काही दिवस एकमेकांच्या सहवासात काढावेत, ही बाब कोल्हापुरात टाकाळ्यावर राहणाऱ्या चौगुले कुटुंबाला तत्त्वतः मान्य होती. अडचण अंमलबजावणीची होती. घर प्रशस्त होतं, खोल्या मुबलक होत्या. पण दिवसाउजेडी खोलीच्या दाराला कडी लावणं हे त्या घरात रुसल्याचं लक्षण समजलं जाई. कडी वाजली की अक्का, म्हणजे दत्तप्रसादची आई, चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहत आणि कोण कोणाला काय बोललं याची रीतसर चौकशी सुरू होई. त्यामुळे लग्नाला महिना होत आला तरी दत्तप्रसाद आणि अवंतिका यांचं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलेलं नव्हतं.

अवंतिका दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्यासमोर माणसं आ वासून बसत, म्हणून घरी आल्यावर तिला स्वतःला बोलायची फार हौस. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं आपण लहानपणी नदीत पडल्याची गोष्ट नवऱ्याला सांगायला घेतली होती. पाय घसरला, ती पाण्यात गेली, इथवर गोष्ट आली आणि बयाबाई आत्या कपाटातली वाळवणाची चादर शोधायला खोलीत आल्या. त्या चादर घेऊन गेल्या, मग मामा आले, मग लग्नाचे फोटो बघायला शेजारचे आले. दत्तप्रसादच्या लेखी बायको तेव्हापासून पाण्यातच होती. तिला तिथून बाहेर काढणं ही नवरा म्हणून आपली पहिली जबाबदारी आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

गोव्याचा विचार झाला आणि सोडून दिला, कारण गोव्यात निम्मं कोल्हापूर असतं. शेवटी दोघांनी मिळून जपान आणि न्यूझीलंड हे देश निवडले. निकष एकच होता: ‘काय पावणं, हिकडं कुठं?’ असं विचारणारं तिथं कोणी भेटता कामा नये. आधी जपानमधलं डोंगरातलं एक गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, मग न्यूझीलंडच्या दक्षिणेला तळ्याकाठी एक लाकडी घर. एवढाच बेत होता. पण व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो आणि तो वास्तववादी असावा लागतो, असं ट्रॅव्हल्सवाल्यानं फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता. शेजारच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या अण्णासोंनी पेपर खाली ठेवला.

अण्णासो, म्हणजे दत्तप्रसादचे वडील, एका मोठ्या सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी मान्यवरांचे दौरा कार्यक्रम आखण्यात घालवली. साहेब कोणीही असो, तो विश्रामगृहातून किती वाजता मोटारीने प्रयाण करणार आणि कोणाच्या घरी राखून ठेवलेला चहा पिणार, हे अण्णासोंच्या सहीशिवाय ठरत नसे. कार्यक्रमाशिवाय जो हिंडतो तो त्यांच्या मते दौऱ्यावर नसतो, तो मोकाट असतो. त्यांनी मुलाचा कागद चष्मा लावून वाचला.

“दुसरा दिवस, तळ्याकाठी बसणे,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “बसून काय करणार?”

“बसणार, अण्णा.”

“प्रयोजन काय?”

दत्तप्रसादनं अवंतिकाकडे पाहिलं. ती सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरत होती, जो तिनं घेतलेलाच नव्हता.

“प्रयोजनाबिगर बसणं वास्तववादी न्हाय,” अण्णासो म्हणाले आणि कागद घेऊन आपल्या टेबलाशी गेले.

रात्रीच्या जेवणापर्यंत कार्यक्रम तयार झाला. चि. दत्तप्रसाद व सौ. अवंतिका यांचा नियोजित परदेश दौरा. सकाळी निवासस्थान येथून पायी तळ्याकडे प्रयाण. तळे येथे आगमन व पाहणी. पाहणीनंतर अल्पोपाहार. त्यानंतर दोन तास राखीव. सरकारी दौऱ्यात ‘राखीव’ म्हणजे ज्या वेळात साहेब काय करतात हे कोणी विचारत नाही तो वेळ. अण्णासोंनी तो रोज दुपारी दिला होता, हे दत्तप्रसादला मोठ्या मनाचं वाटलं. दोन तासांत माणूस नदीतून आरामात बाहेर येतो. त्यानं वडिलांना वाकून नमस्कार केला.

चूक त्यानंतर झाली आणि ती सवयीनं झाली. दौरा कार्यक्रमाची प्रत सर्व संबंधितांना माहितीस्तव पाठवण्याचा अण्णासोंचा शिरस्ता होता. त्यांनी ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. कचेरीत माहितीस्तव आलेली प्रत कोणी वाचत नाही, म्हणून राज्य चालतं. चौगुल्यांच्या ग्रुपवर ती सगळ्यांनी वाचली.

पहिला फोन बयाबाई आत्यांचा आला. त्यांच्या जावेचा भाचा जपानमध्ये नागोयाला फौंड्रीच्या कामाला होता आणि तो महिनाभर भाकरीला मुकला होता. मग बाळासो मामांना आठवलं की हुपरीच्या त्यांच्या दोस्ताची पोरगी ऑकलंडला दिली आहे. तळ्याकाठच्या त्या लाकडी घरापासून जवळच कोणा गडहिंग्लजवाल्याचं दुकान निघालं. दोन दिवसांत त्या दोन्ही देशांमध्ये इतकी ओळखीची माणसं निघाली, की तिथले मूळचे लोक कुठे राहतात असा प्रश्न दत्तप्रसादला पडला. एवढ्या लांब जाऊन घरात पाऊल न टाकता माघारी आलात तर इथं आम्ही तोंड कसं दाखवायचं, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. आणि रिकाम्या हातानं तर कोणाच्या घरी जाता येत नाही.

तेव्हा चटणी आली. कांदा-लसणाची चटणी, गुळाच्या ढेपा, भडंगाचे पुडे. खाली बैठकीच्या खोलीत त्यांचा ढीग झाला. बॅगा भरायला बयाबाई स्वतः बसल्या आणि त्यांनी दोघांचे कपडे एकेक करून बाहेर काढले.

“तिथं कोण वळखतंय तुमास्नी?” त्या अवंतिकाला म्हणाल्या. “दोन कापडं पुरं झाली की.”

न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची फार कडक तपासणी होते, हे अवंतिकानं हळूच सांगून पाहिलं. अण्णासोंनी सुनेचं कौतुक केलं आणि कार्यक्रमात तशी नोंद घातली: विमानतळ येथे आगमन, चटणीबाबत निवेदन. या नोंदीला वेळ लागणार होता आणि घरोघरीच्या भेटींनाही. तो सगळा राखीवमधून घेण्यात आला. दुसऱ्या सुधारित कार्यक्रमात राखीव वेळ रोज अर्धा तास उरला.

तिसरी सुधारणा करण्यापूर्वी चाचणी घेतली पाहिजे, असं अण्णासोंनी ठरवलं. कागदावर कोणताही दौरा धावतो. वास्तव रस्त्यावर कळतं. परदेश हातात नसल्यामुळे जिल्ह्यातच व्यवस्था करण्यात आली. जयसिंगपूरला नागोया मानण्यात आलं, हुपरीला ऑकलंड आणि गारगोटीला तळ्याकाठचं घर. तिन्ही ठिकाणी नात्यातली माणसं होतीच. बॅगांचं वजन खरं असावं, पण चटणी उन्हात नासू नये, म्हणून तेवढ्या वजनाच्या विटा भरण्यात आल्या. एका रविवारी सकाळी नवरा-बायको विटांच्या दोन बॅगा घेऊन मधुचंद्राच्या रंगीत तालमीला निघाले.

जयसिंगपुरात अर्ध्या तासाची भेट होती. यजमानांनी मटण टाकलं होतं. जेवल्याबिगर कुणी सोडंना. हुपरीला चांदीचे पैंजण दाखवून झाले आणि पुन्हा ताट आलं. नाही म्हटल्यावर यजमानीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. दोनदा जेवून, स्वतःच विटेएवढी जड होऊन, दोघं गारगोटीकडे सीटवारी माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कशीबशी बसली. आणि गारगोटीच्या अलीकडे जीपचं चाक पंक्चर झालं. जादा चाकही पंक्चरच होतं. ड्रायव्हर कोणाच्या तरी मोटारसायकलवरून चाक घेऊन गारगोटीला गेला. मागून आलेल्या दुसऱ्या वडापमध्ये बाकीची माणसं स्वतःला कोंबून निघून गेली. विटांच्या बॅगांना मात्र जागा नव्हती. म्हणून फक्त दत्तप्रसाद आणि अवंतिका मागे राहिली.

चिंचेच्या झाडाखाली ती दोघं बॅगांवर बसली. रस्त्यावर कोणी नव्हतं. पलीकडे उसाच्या फडात वारा फिरत होता. अवंतिकानं चपला काढल्या.

“पाणी हिरवं होतं,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“नदीतलं. मी पडले ना, तेव्हा. मला भीतीच वाटली नाही रे. वाटलं, किती शांत आहे इथं.”

घरात सगळ्यांसमोर ती त्याला ‘अहो’ म्हणायची. ‘रे’ त्यानं प्रथमच ऐकला. मग ती बोलत राहिली. पाण्याखालून सूर्य कसा दिसला, काठावरची माणसं कशी वाकडी-तिकडी झाली, आईनं नंतर आठ दिवस हात कसा सोडला नाही. मध्येच हसली. आपलं लग्न झालंय, हे दत्तप्रसादला त्या विटांवर बसून पहिल्यांदा कळलं आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं चाक लवकर येऊ नये म्हणून मनातल्या मनात जोतिबाला साकडं घातलं. अवंतिका सांगत होती, की अचानक वरून एक हात आला आणि त्यानं तिचे केस पकडले. तेवढ्यात ड्रायव्हर चाक घेऊन आला आणि गारगोटीचे मामा जेवायचे थांबलेत म्हणून त्यानं सारखा हॉर्न वाजवला.

अण्णासोंनी त्याच रात्री चाचणीचा अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला. तिन्ही भेटी समाधानकारक. भोजन उत्तम. गारगोटी येथे आगमनास विलंब, कारण चाक पंक्चर, सदर वेळ पूर्णतः वाया गेला.

“तो वेळ वाया न्हाय गेला, अण्णा,” दत्तप्रसाद म्हणाला.

“मग काय काम झालं त्यात?”

खोलीत अक्का होत्या, बयाबाई होत्या, बाळासो मामा पान लावत होते. दत्तप्रसादनं मामांच्या पुढे चुन्याची डबी सरकवली. अण्णासोंनी अशा विलंबांसाठी तरतूद म्हणून उरलेला राखीव वेळही काढून घेतला. तिसरा सुधारित कार्यक्रम अशा रीतीने सर्वांगपरिपूर्ण झाला आणि अर्जासोबत जोडण्यात आला.

पंधरवड्यानं व्हिसा अधिकाऱ्याचा खुलासा मागणारा मेल आला. अर्जदारांनी प्रवासाचं प्रयोजन मधुचंद्र असं दिलं आहे. परंतु सोबतच्या कार्यक्रमात तसं काहीही आढळत नाही. दत्तप्रसादच्या मनात आशा उगवली, की आता तरी कार्यक्रम बदलेल. अण्णासोंना मात्र त्या अधिकाऱ्याबद्दल फार आदर वाटला.

“माणूस नियमानं चाललाय,” ते म्हणाले. “कार्यक्रम आन् प्रयोजन जुळत न्हाईत, ही त्रुटी हायच.”

त्रुटी दूर करायचे दोन मार्ग होते. कार्यक्रम सगळ्या नातेवाइकांना कळवून झाला होता, माणसं तिकडं वाट बघत होती. त्यामानाने प्रयोजन कोणालाच कळवलेलं नव्हतं. म्हणून प्रयोजन बदलण्यात आलं. मधुचंद्र खोडून त्या जागी आप्तेष्टांच्या भेटी असं लिहिताना अण्णासोंचा हात थांबला. आप्तेष्टांच्या भेटीच घ्यायच्या तर ही पोरं कशाला? नागोयाच्या भाच्याला दत्तप्रसादनं कधी पाहिलेलंही नव्हतं. उलट त्याचं बारसं अक्कांच्या मांडीवर झालेलं.

“मी वळखतो की त्याला,” अक्का म्हणाल्या. “लई गुणी पोरगं. मीच जातो.”

अर्ज नव्यानं भरण्यात आले आणि दोन्ही देशांनी ते तत्काळ मंजूर केले. अण्णासो आणि अक्का ठरल्या वेळी चटणीसह परदेशी रवाना झाले. गाडीत बसताना अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं एवढ्या मोठ्या घरात एकटी राहणार, हे त्यांना बघवेना. म्हणून जाता जाता त्यांनी बयाबाई आत्यांना आणि बाळासो मामांना मुक्कामाला बोलावून ठेवलं होतं. ते दोघं संध्याकाळच्या आत पथारी घेऊन आले.

पुढच्या रविवारी दत्तप्रसादनं स्कूटर काढली. कुठं चाललाय म्हणून विचारल्यावर दात काढायच्या हत्यारांना धार लावायला, असं अवंतिकानं सांगितलं, त्यामुळे कोणी सोबत यायला निघालं नाही. दोघं थेट गारगोटी रस्त्याच्या त्या चिंचेखाली येऊन बसली. या वेळी विटा नव्हत्या. दगडावर बसावं लागलं. ऊस तोडून नेला होता, लांबवर काही नव्हतं.

“तर त्या हातानं माझे केस धरले,” अवंतिका म्हणाली, “आणि मी वर बघितलं, तर माहितेय कोण होतं?”

एक मोटारसायकल पुढे जाऊन थांबली, वळली आणि परत आली. वरून एक भला गृहस्थ उतरला.

“गाडी बंद पडली व्हय, पावणं?”

दत्तप्रसादनं नाही म्हटलं. पेट्रोल संपलंय का, बाईमाणसाला चक्कर आली का, की दोघं भांडून बसलाय, हे त्यानं क्रमानं विचारून घेतलं. सगळ्यालाच नाही असं उत्तर आलं.

“मग हितं का बसलाय?”

“असंच. बसलोय.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर काळजी दाटली. अशा दोघांना आडरानात टाकून पुढे जाणं त्याच्या जिवाला पटेना. त्यानं गाडी स्टँडला लावली, उपरणं झटकलं आणि त्यांच्यामध्ये येऊन बसला. गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबचं नातं काढलं. आई-वडील सध्या न्यूझीलंडला असल्याचं ऐकताच त्याचे डोळे चमकले, कारण त्याच्या साडूचा थोरला पोरगा तिथंच होता.

माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस थांबला नसता. त्या रस्त्यानं तुम्ही चालला असता तर तुम्हीही थांबला असता, आणि जपान-न्यूझीलंडचं नाव काढल्यापासून तिकडचं कोणीतरी तुम्हालाही आठवलं आहेच. दत्तप्रसादनं नंबर घ्यायला मोबाईल बाहेर काढला आहे, तेव्हा तुमच्या माणसाचाही सांगून टाका. संकोच करू नका. अवंतिकाची गोष्ट काय, नंतर होईल. ती पाण्यातच आहे.