एक बशी राहिलीय

आमच्या शेजारचे पगारेकाका रोज सकाळी आधी विलायतेच्या राजघराण्याला अंघोळ घालतात आणि मग स्वतः करतात.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी राजाराणीची चित्रं छापलेले कप, बश्या आणि किटल्या जमवल्या आहेत. तिकडे कुणाचा राज्याभिषेक झाला, कुणाचं लग्न झालं की आठवण म्हणून कप निघतात म्हणे. त्यातले काही फिरत फिरत देवळाली कॅम्पच्या जुन्या बाजारात येतात आणि काका ते नाशिकरोडला आणून हॉलमधल्या शोकेसमध्ये बसवतात.

मांडणीला नियम आहेत. "प्रोटोकॉल हाय, मास्तर," असं काका म्हणतात. सगळ्यात वर बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली राजे, राजांखाली राजपुत्र. एका राजाने लग्नासाठी गादी सोडली होती, त्याचा कप पार तळाला, बीपीच्या गोळ्यांशेजारी. "गादी सोडणाऱ्याला वर जागा नाय."

मी इतिहासाचा मास्तर. चूक काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. "काका, बुद्धानेही राज्य सोडलंच होतं की!"

"कशासाठी सोडलं ते बघा ना, मास्तर."

मी पुढच्या कपाकडे वळलो. एका राजपुत्राचं आणि राजकन्येचं पुढे फाटलं, तर त्यांच्या लग्नाच्या कपाचं तोंड काकांनी भिंतीकडे फिरवलंय. दोघं एकाच कपावर छापलेली, त्यांना वेगळं कसं ठेवणार?

एकदा मी काकांना गुलामीच्या मनोवृत्तीवर चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं. ते फडक्याने राणीचं नाक पुसत होते. "ते लोक गेले, मास्तर. भांडी राहिली. भांड्याचा काय दोष?"

खरं सांगायचं तर माझा राग राणीवर नव्हताच. तीस वर्षं मुलांना इंग्रज कसे गेले ते शिकवलेल्या मला एकदा, फक्त एकदा, राणीच्या कपातून चहा प्यायचा होता. काका मात्र कायम स्टीलच्या पेल्यात देत. "तुम्ही कोण लागून गेलात?" असं आमची बायको विचारी.

शोकेसच्या मधल्या फळीवर एक कप एकटाच होता. निळी कड, सोनेरी मुकुट. "एक बशी राहिलीय, मास्तर," काका दर भेटीत सांगत. "ह्या कपाची. ती मिळाली की आपला बाजार बंद." तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या आईचा आवाज येई, "दिन्या, बशी गावली का रे?" आजी नव्वदीच्या पुढच्या. हा छंद घराण्यातच असावा असं मी समजून चाललो होतो.

आणि एका रविवारी ती बशी मला सापडली. देवळाली कॅम्पला मी जुना टेबलफॅन बघायला गेलो होतो. दुकानदार तिच्यात स्क्रू ठेवत होता. निळी कड, सोनेरी मुकुट! कोणताही सज्जन माणूस ती घेऊन थेट काकांकडे गेला असता. मी ती घरी आणून तांदळाच्या डब्यात लपवली. आधी राणीच्या कपात चहा, मग बशी, असा माझा बेत होता. आठवडाभर मी गालातल्या गालात हसत हिंडलो.

शेवटी एका संध्याकाळी सौदा करायला गेलो. काका स्वयंपाकघरात होते. दार आजींनी उघडलं. मला बघताच त्या भिंतीला टेकल्या.

"सायेब, बाईला सांगू नका. मी मुद्दाम नाय फोडली. हातातनं निसटली."

काका धावत आले आणि त्यांनी आईला खुर्चीत बसवलं. "लहानपणी कॅम्पात एका गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर भांडी घासायची," ते हळूच म्हणाले. "बशी फुटली. बाईनं मारलं, हाकलून दिलं. वर बशीशिवायचा कप काय कामाचा म्हणून तोबी अंगावर फेकला. तोच हा, शोकेसमधला निळ्या कडेचा. आता तिला लय विसरायला होतं. मी कोण ते विसरती, बशी नाय विसरत. रोज संध्याकाळी घाबरती. वाटलं, बशी दिसली तर शांत होईल."

आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तसाच घरी पळालो, डब्यात हात घातला आणि बशी घेऊन आलो. तिला तांदळाचे दाणे चिकटलेले होते. काकांनी बशीकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

आजींनी बशी पदराने पुसली. उलटीसुलटी केली. कड बोटाने चाचपली. मग काकांनी शोकेसमधून काढून दिलेला कप तिच्यावर ठेवला.

"बाई गेली का?"

"गेली, आई. समदे गेले."

"आन् सायेब?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तोही गेला, आजी," मी म्हणालो. "हा शेजारचा मास्तर आहे."

आजींनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मंग ओत की चहा."

काकांनी त्याच कपात चहा ओतला, आजींनी तो बशीत ओतला आणि फुर्र करून प्याल्या. काका शोकेसकडे तोंड करून उभे राहिले, पुसलेलीच काच पुन्हा पुसत.

दुसऱ्या दिवशी आजींना यातलं काही आठवलं नाही. आता रोज संध्याकाळी त्या विचारतात, काका बशी त्यांच्या हातात देतात आणि भिंतीवर टकटक करून मला बोलावतात. मी जातो आणि साहेब गेल्याचं सांगतो. मग आजी चहा पितात. मलाही मिळतो, स्टीलच्या पेल्यात.