मनोहरकाकांचा खुलासा

पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर मनोहरकाका इंगोल्यांनी ती खालून वर वाचली. आधी छापखान्याचं नाव, मग 'कृपया आहेर आणू नये', मग मंगल कार्यालयाचा पत्ता, आणि सगळ्यात शेवटी गणपती.

"सुभाष," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिवलं तुमी. म्हंजे काही कमीजास्त झालं तं जोखीम श्रीची?"

"काका, तशी पद्धत आहे."

"पद्धत राहू दे. आन 'सहकुटुंब' म्हंजे कोन कोन? व्याख्या नाही दिली."

आतून काकू म्हणाल्या, "पत्रिका माह्या हातात देत जाय रे. आमी वरून वाचतो."

कारंज्यात कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारचं घर काकांचं. तरुणपणी त्यांनी याच कोर्टात सात-आठ वर्षं वकिली केली. चांगली चालली होती. मग अचानक ती सोडली, परीक्षा दिली आणि मुंबईला गेले. शेअर बाजारावर, लोकांच्या ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी कचेरी असते, तिथं कायदा अधिकारी म्हणून लागले आणि पार वरच्या खुर्चीपर्यंत पोचले. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक त्यांच्यापुढं सुनावणीला उभे राहत. निवृत्त झाल्यावर मात्र दोन पेट्या आणि काकू घेऊन परत आले.

गावाला एवढंच कळलं, की म्हातारा 'शेअर मार्केटात' होता. त्यामुळं लोक दुकानात गाठून विचारत, "काका, कोनता शेअर घेऊ?"

"ज्यातलं तुले समजते तो."

"मले तं कशातलंच समजत नाही."

"मंग भेटलं की उत्तर."

'जोखीम कोनाची?' हे त्यांचं पालुपद. टरबूजवाला म्हणाला, "साखर आहे साखर," की काकांनी विचारलंच, "नाही निघाली तं जोखीम कोनाची?" शेवटी त्यानं हात टेकले. काका कोपऱ्यावर दिसले की तो आधीच टरबुजाची फोड कापून ठेवायचा.

गेल्या हिवाळ्यात गावात एक शेळी योजना आली. पैसे तुम्ही भरायचे, शेळ्या ते लोक राजस्थानात पाळणार, आणि नफा दर महिन्याला घरपोच. त्यांच्या सभेला मंगल कार्यालय गच्च भरलं. मीही फॉर्म भरून खिशात ठेवला होता. पोरीच्या लग्नातून उरलेले पैसे होते. टाय बांधलेला एक माणूस पडद्यावर आकडे दाखवत होता. मागच्या रांगेतून काका उठले.

"साहेब, तुमच्या कागदापरमानं एक शेळी दर मयन्याले विते. ते कसं काय?"

टायवाला हसला. "सर, आमची जात सुधारित आहे."

काका पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं वळले. "दाजी, तुमची शेळी वर्षातून कितीडाव विते?"

"लय झालं तं दोनडाव," दाजी म्हणाले. मग पडद्याकडं बघत राहिले आणि सावकाश म्हणाले, "दर मयन्याले व्याली तं मरन ना ते बिचारी."

सगळं कार्यालय हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी तीन पानी अर्ज टाइप केला, माझ्याकडून झेरॉक्स काढल्या आणि जिल्ह्याला, मुंबईला पाठवल्या. आठवड्यात टायवाल्याच्या ऑफिसला कुलूप लागलं.

गाव खूश झालं म्हणता? उलट काकांना शिव्या बसल्या. म्हाताऱ्यानं चांगली योजना घालवली, असं लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलू लागले. खरं सांगतो, मलाही चार दिवस तसंच वाटत होतं.

"असंच असते," काका दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाले. "वकिलीत जितलं की पेढे येतात. या कामात जितलं की शिव्या. ज्याचं बुडालंच नाही, त्याले काय समजन?"

"मग वकिली काहून सोडली?"

काकांनी समोर कोर्टाच्या पायऱ्यांकडं बोट केलं.

"असाच एक ठेवीवाला होता. लोकाईचे पैसे घेऊन बसला होता. मी त्याचा वकील. जामीन करून देल्ला त्याले. बाहेर आलो तं पायरीवर एक बाई. आसेगावची, गोदाबाई नावाची. मजुरीचे पैसे ठेवले होते तिनं. मले म्हने, 'वकीलसाहेब, तुमी जितले ना? मंग आता आमचे पैसे भेटतीन.'"

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"तिले वाटलं, मी तिचा वकील आहो. अन् मी काय केलं, सुभाष? 'हो' म्हनलं. खाली उतरून गेलो. तो मानूस मंग पळून गेला. पुढच्या हप्त्यात मी आसेगावले गेलो, तं घराले कुलूप. वीटभट्टीवर गेले म्हने सगळे. मंग मुंबई. दरसाल जाईन म्हनता म्हनता राहून गेलं."

पुढच्या रविवारी मी दुकान बंद ठेवलं आणि काकांना घेऊन एसटीनं आसेगावला गेलो.

गोदाबाई नव्हती. वारून वर्ष होत आलं होतं. घरात तिची लेक कमल होती. चुलीपाशी भाकरी थापत होती. काकांनी कारंज्याचा वकील म्हणून ओळख सांगितली, तर ती पीठभरल्या हातांनीच उठून उभी राहिली.

"तुमी काय ते? आई लय नाव काढे तुमचं. पैसे नाही भेटले, पन वकील आपल्यासाठी भांडला, म्हने. देवमानूस होता म्हने."

मी काकांकडं बघितलं. तिथंच थांबता आलं असतं. चहा घेऊन निघता आलं असतं. म्हातारी गेली होती, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

"बाई," काका म्हणाले, "मी तिच्यासाठी नाही भांडलो. मी त्या मानसाचा वकील होतो. माह्यामुळं तो सुटला. तुह्या आईनं विचारलं, तवा मी खोटं बोललो."

कमल त्यांच्याकडं बघत राहिली. चुलीवरची भाकरी करपली, तेव्हा खाली बसून तिनं ती उलटवली.

"मंग हे सांगाले आले तुमी इथवर?"

"हो."

उरलेल्या भाकरी थापून झाल्या, तशी तिनं दोन ताटं वाढून आमच्यापुढं ठेवली. काका खाली मान घालून जेवले.

निघताना ती दारापर्यंत आली. "पुढच्या मयन्यात आईचं वर्षश्राद्ध हाय," ती म्हणाली. "जेवाले या."

एसटीत काका खिडकीशी बसले. मंगरुळपीर मागं पडलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"बोलावलं रे तिनं."

"हो, काका."

"सारं सांगतल्यावर बोलावलं."