बिनतोंडाची मडकी

मिचीबाई मडकं बनवते आणि मग त्याचं तोंड बुजवून टाकते. एक नाही, दोन नाही, सगळ्यांचं. पन्नास वर्षं मी चाकावर बसून मडक्यांना तोंडं काढली, आणि म्हातारपणी माझ्याच अंगणात हे बघायची वेळ आली.

बाई जपानची. साठीच्या पुढची, अंगानं काडी, पण माती मळायला बसली की पैलवान. तिकडे तिचं नाव मोठं आहे म्हणे. तिच्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात, हात लावू देत नाहीत. चोपड्याकडची माती बघायची म्हणून एका चित्रकाराच्या ओळखीनं आली. महिनाभर मागची खोली द्या म्हणाली. आता दुसरा उन्हाळा चालू आहे. येताना मराठी शिकून आली होती, इथं आमची अहिराणी कानावर पडली. त्यामुळे ऊन, भाकरी, माझं गाढव, काहीही असो, "बठ्ठं चांगलं शे!"

"मडकं नाही नाना, शिल्प," ती मला दुरुस्त करते. मी चौथीत शाळा सोडली, पण ज्यात पाणी भरता येत नाही त्याला मडकं म्हणू नये, एवढं मलाही कळतं. म्हणजे आमचं भांडण नाहीच. तरी मला राग येतो.

सकाळी उठून मातीच्या ढिगाला कमरेत वाकून नमस्कार करते. मग चिमूटभर जिभेवर ठेवून बघते. एक वस्तू चार दिवस कुरवाळत बसते. मी ओरडलो की दोन्ही हात वर करून म्हणते, "घाई नको, नाना."

एकदा तिची एक वस्तू माझ्या मालात मिसळून बाजारात गेली. एका बाईनं ती उचलली, टिचकी मारली, चारी बाजूंनी फिरवली. "आबा, येनं तोंड कथं शे?"

"पाहुणीनं खाल्लं," मी म्हटलं. बाई उठून पलीकडच्या दुकानाला गेली.

आणखी एक खोड. तोंड बुजवण्याआधी ती आत ओठ नेऊन काहीतरी पुटपुटते आणि पटकन मातीची चकती लावून टाकते. मला वाटलं, त्यांच्याकडचा मंत्र असेल.

एरवी ती अशा वस्तूला सुईनं भोक पाडून आपल्या लहान भट्टीत भाजते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले असताना एक वस्तू घेऊन आली. म्हणे, ही तुमच्या आव्यात ठेवा. बघतो तर भोकसुद्धा नाही.

"अगं, आत हवा कोंडून फुटेल ती! शेजारच्या घागरी घेऊन जाईल!"

आमच्याकडे आखाजीला घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात, त्यांची तहान भागावी म्हणून. गावाच्या सगळ्या घागरी त्या एका आव्यात भाजायच्या होत्या. आवा बिघडला असता तर दुसरा लावायला दिवस नव्हते. "भोक पाड, नाहीतर उचल इथून!"

"या वेळी भोक नको. आतलं बाहेर जाईल." ती तिथंच मांडीवर वस्तू घेऊन बसली. म्हणाली, "तिला घागरींबरोबर राहू द्या, नाना."

"तिला? कुणाला?"

"मोठी बहीण. मी रागावले. अकरा वर्षं बोलले नाही. मग ती गेली." तिनं त्या बंद मातीवर हात फिरवला. "बोलायचं राहिलं, ते मी आत ठेवते. सगळ्यांत."

आता माझं डोकं जास्तच फिरलं. "आणि तोंड बंद करून ठेवतेस? म्हणजे इतकी वर्षं बहिणीला तहानलेलीच ठेवलीस की गं!"

 ती उठली, दोरा घेतला आणि वरची चकती कापून काढली. माती अजून ओलसर होती. गळा तिनं स्वतःच चढवला. वाकडा. मी सरळ करायला हात पुढे केला, तर माझा हात बाजूला सारला.

ती वाळल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचून आवा लावला. उघडला तेव्हा एकही घागर तडकली नव्हती.

आखाजीला मी लिंबाखाली वाळूवर माझ्या बायकोची घागर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला. मिचीबाई पाण्यानं भरलेली आपली वाकडी घागर पोटाशी धरून लांब उभी. "ठेव शेजारी," मी म्हटलं. बायको माझी माणसांत रमणारी होती. तिला शेजार चालला असता.

गावात पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. मिचीबाई घागरीच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत बसली. या वेळी पुटपुटणं नाही, चांगलं मोठ्यानं. मधेच हसली. मग पुष्कळ रडली आणि तिथंच सावलीत तिचा डोळा लागला.

ऊन कलल्यावर बघतो तर तिच्या घागरीतलं पाणी उतरलेलं. नवं मडकं पाणी पितंच, त्यात विशेष काही नाही. मी तांब्यानं दोनदा भरली, तिला न उठवता. माझ्या आव्यातली घागर कुणी अर्धी पाहिली असती, तर बोलणी मला बसली असती.