चार किलोमीटर, अकरा झेंडे

आरेखकाचा गुडघा नेमका कामाच्या आठवड्यात सुजला. डोंगरातल्या पाच पायवाटा एकमेकींना जोडायच्या आणि माणूस दिवसभर चालून जिथे दमेल तिथे मुक्कामाची खोली बांधायची, असा आराखडा शुक्रवारी साहेबांपुढे ठेवायचा होता. मागचा आराखडा त्यांनी परत केला होता. हाही फसला तर गटार विभागात बदली, हे त्यांनी चहा पिता पिता, अगदी मायेने सांगितलं होतं.

"माझे बाबा आहेत की!" बायको म्हणाली. "तीस वर्षं पायी टपाल वाटलंय त्यांनी."

सासरे एका पायावर तयार झाले. आरेखकाने त्यांच्या हाती लाल झेंड्यांची जुडी दिली. "पहिल्या वाटेने चालत राहा. दमलात की एक रोवायचा."

संध्याकाळी सासरे परतले ते जुडी जशीच्या तशी घेऊन.

"एकही नाही?"

"दमलोच नाही, जावईबापू!" म्हणत ते खुर्चीत टेकले आणि बूट काढायच्या आत घोरू लागले.

दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवसांत सत्तावीस किलोमीटर झाले, खोल्या शून्य.

"यांना काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात 'दमलो' हा शब्द यांच्या तोंडून ऐकला नाही मी. झेंडे माझ्याकडे द्या."

गुरुवारी सकाळी दोघं निघाली. साडेअकराला आरेखकाचा फोन वाजला.

"जावईबापू, झेंडे संपले. आणखी आहेत का?"

आरेखकाने नकाशा पुढे ओढला. "आई, किती चाललात?"

"हे म्हणतायत, चार किलोमीटर."

"अहो, दिवसभर चालून दमल्यावर रोवायचा होता!"

"दमले तेव्हाच रोवला. अकरा वेळा दमले. खोटं कशाला बोलू?"

पुन्हा मोजायला वेळ नव्हता. आरेखकाने मनातल्या मनात गटार विभागाला नमस्कार केला आणि अकरा खोल्या नकाशावर काढल्या.

शुक्रवारी साहेबांनी चष्मा वर केला. "ही पायवाट आहे की वसाहत?"

"साहेब, प्रत्यक्ष चालून मोजलंय."

"कोणी मोजलंय? चला, मीच बघतो चालून. आमच्या वेळी वीस किलोमीटर म्हणजे शतपावली होती."

साहेब पुढे, वाट दाखवायला सासूबाई, मागे सासरे आणि काठी टेकत आरेखक. पहिला झेंडा साहेबांनी ढुंकून न बघता ओलांडला. दुसऱ्यापाशी ते दरीची शोभा बघायला थांबले. तिसऱ्यापाशी तीच शोभा त्यांनी बसून बघितली, चांगली बारा मिनिटं. चौथ्याच्या पुढे चढ लागला. साहेबांचा चेहरा झेंड्याच्या रंगाला आला. अर्ध्या चढावर त्यांनी एका दगडाला हात टेकला.

"पुढची खोली... किती लांब आहे?"

"हे काय, वळण संपलं की!" सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी वळणाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "थोडी अलीकडे घेता येईल का?"

सासूबाईंनी जावयाच्या पिशवीतल्या नव्या जुडीतून एक झेंडा ओढला आणि साहेबांच्या बुटाशेजारी रोवला.

"बसा निवांत. ही बारावी."

साहेब बसले. आरेखकाकडून आराखडा मागून घेतला, मांडीवर पसरला आणि दम खात खात खाली सही केली. उरलेल्या चार वाटा कोणी आणि कधीपासून मोजायच्या, हेही त्यांनी तिथेच लिहून टाकलं. सासूबाईंनी कागद हातात घेऊन वाचला आणि म्हणाल्या, "सोमवारी जमायचं नाही. पाय दुखतायत."