मामांच्या विमानाची दोन बटणं

वीज ऑफिसात नोकरी करणाऱ्या माणसाने ही गोष्ट सासुरवाडीला शक्यतो कळू देऊ नये, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. मी तिथे आवक-जावक टेबलावर बसतो. म्हणजे टपालावर शिक्के मारतो. (विजेचा आणि माझा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता, आणि तोही शिपाई लावतो.) पण कसबा बावड्यात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, जावई ‘लायटीच्या हापिसात’ म्हटल्यावर तारेतली वीज मला विचारूनच पुढे सरकते अशी सगळ्यांची समजूत झाली होती. ती मोडावी असं मला कधी वाटलं नाही.

माझे सासरे आकाराम मास्तर. मी त्यांना मामा म्हणतो. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून ते रिटायर झाले आणि घरामागच्या परड्यातल्या शेडमध्ये विमान बांधायला बसले. खेळण्यातलं नव्हे, खरं, एका माणसाने बसून उडवायचं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि पुढे मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेलं जर्मन मोटारीचं इंजिन. लोक हसले, मग हसून हसून दमले, मग विसरून गेले. मामा रंधा मारत राहिले.

सगळं त्यांनी एकट्याने केलं. पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना बारीक तारा दिसेनाशा झाल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि आहे ती दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. मामांची इच्छा एवढीच होती, की त्याआधी एकदा विमान आपल्या हाताने जमिनीवरून उचलायचं. हातभर उचललं तरी चालेल. आता काम उरलं होतं ते फक्त इंजिनला ठिणगी देणाऱ्या बटणांचं.

“बटणंच न्हवं? मी बसवतो की,” मी म्हणालो. पुढ्यात तांबडा रस्सा असला की मला कसलीच भीती वाटत नाही.

मामा समजावायला लागले. “पावणं, ठिणग्या दोन हायत. एक म्याग्नेटोची. ती आपली आपण तयार हुती, बटण हाय ते तिला मारायला. दुसरी इलेक्ट्रॉनिक, तिला बॅटरी लागती. तवा म्याग्नेटोचं बटण घरातल्या बटणाच्या उलटं...”

“अवो, जावयाला काय शिकवताय?” सासूबाई रस्सा वाढत म्हणाल्या. “लायटीच्या हापिसात हायत ते.”

मामा ओशाळून गप्प झाले. मीही “कळलं, कळलं” म्हणालो. (मला ‘बटण’ एवढा शब्द कळला होता.)

आणि मी दोन्ही बटणं घरातल्यासारखी बसवली. खाली केलं की तार जोडली जाणार, म्हणजे चालू. वर केलं की तुटणार, म्हणजे बंद. शेजारी सुबक अक्षरात तसं लिहिलंसुद्धा. अक्षर माझं चांगलं आहे. “आण्णांना दाखवलासा काय?” असं कालिंदीने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा विचारलं; मामांना ती आण्णा म्हणते. मी तिच्याकडे असं काही बघितलं की ती चहा टाकायला निघून गेली. मामांनी तर विचारलंच नाही. एरवी ते प्रत्येक खिळा बोटांनी चाचपून बघायचे. पण जावयाने केलेलं काम तपासणं म्हणजे त्याचा अपमान, अशी त्या घरातली रीत. त्यांनी मला मानाची टॉवेल-टोपी दिली.

रविवारी सकाळी विमान भावकीतल्या मोकळ्या रानात नेलं. टोकाला ऊस उभा होता. मामांनी कालिंदीच्या लग्नातला कोट घातला होता. ठरलं होतं ते असं: मी आत बसून बटणं सांभाळायची, मामांनी हाताने पुढचा पंखा फिरवून इंजिन सुरू करायचं, आणि ते तापलं की मी उतरून मामांनी बसायचं.

“आदी नुसता पंखा फिरवून इंजिन मोकळं करतो,” मामा म्हणाले. “दोन्ही बटणं बंद हायत न्हवं?”

“बंद हायत, मामा.”

ते जरा घोटाळले. मला वाटतं, त्यांना येऊन एकदा हाताने चाचपायचं होतं. पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मामांनी पंखा ओढला.

इंजिन धडधडत सुरू झालं आणि मामा कसेबसे बाजूला झाले. मी दचकून हाताला लागेल तो दांडा आधाराला धरला आणि पुढे रेटला. तो ॲक्सिलरेटरचा दांडा होता. चाकांपुढच्या विटा उडाल्या आणि विमान मला घेऊन निघालं.

“बटणं बंद करा,” मामा मागून ओरडत होते. मी काय चालू ठेवली होती? तरी दोन्ही खाली केली. इंजिन चालूच. दोन्ही वर केली. चालूच. म्याग्नेटोची तार जोडली की तो मरतो आणि तुटली की जिवंत होतो; म्हणून बटणं वर असली की तो ठिणगी देत होता, खाली केली की इलेक्ट्रॉनिक. म्याग्नेटोचं खाली आणि दुसरं वर ठेवलं असतं तर इंजिन बंद पडलं असतं, हे मामांनी मला नंतर समजावलं. (या खेपेला मी ऐकलं.) पण मी ऑफिसच्या शिस्तीतला माणूस, दोन्ही बटणांना शेवटपर्यंत सारखाच न्याय देत राहिलो.

मग चाकांचा खडखडाट एकदम थांबला. मी जोतिबाचं नाव घेतलं. आणि ऊस आला.

मला नाकावर एक ओरखडा. विमानाचे दोन्ही पंख मोडले होते आणि सांगाडा मधोमध चिरला होता. ते दिवाळीच्या आत पुन्हा उभं राहणार नाही, हे तिथे कुणालाच सांगावं लागलं नाही. कालिंदी माझ्याकडे न बघता बापाकडे बघत उभी होती. मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलेलं नाही. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं ओठांवर आलं होतं; पण ती ‘व्हय’ म्हणाली असती म्हणून बोललो नाही.

मामा उसातून वाट चाचपत आले. आजारी बैलावरून फिरवावा तसा त्यांनी मोडक्या पंखावरून हात फिरवला आणि माझ्याशेजारी ढेकळात बसले.

“मामा, माझ्यामुळं...”

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “जमीन सोडली हुती त्येनं. मला लांबनं अंधूकच दिसलं, पर चाकांखालनं उजेड दिसला.”

“व्हय. सोडली हुती.”

ते जवळ सरकले. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. “कसं दिसतं वो तितनं? समदं सांगा. कायबी सोडू नगा.”

“ऊस दिसला,” मी म्हणालो. मग काहीतरी जास्तीचं द्यावं म्हणून, “आन् नदी.”

“नदी मागल्या अंगाला हाय, पावणं.”

मग मला खोटं बोलवेना. “मामा, म्या डोळं गच्च मिटलं हुतं. उसात शिरस्तोवर.”

कोटाला चिकटलेलं उसाचं पातं मामांनी हाताने शोधून काढून टाकलं.

“आसं व्हय,” ते म्हणाले. “डोळं मिटूनच जायचं हुतं, तर ते मला दिवाळीनंतरबी जमलं असतं की. तुमाला कशाला तरास दिला असता.”